तिसरे आठ तास कोणी खाल्ले?

गेल्या काही वर्षांत रेल्वेत आणि टपाल खात्यात एक नवी टूम निघाली आहे. 'तणावमुक्त जीवन', 'आनंदी कुटुंब', 'सुजाण पालकत्व' अशा नावांची शिबिरे भरवायची, बाहेरून एक वक्ता आणायचा, चहा-बिस्किटे द्यायची आणि फोटो काढून वर पाठवायचे. अशाच एका शिबिराला आमच्यातल्या काही जणांना पाठवण्यात आले. 'पाठवण्यात आले' हे शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत, कारण त्यातले दोघे रात्रपाळी उतरून, तोंडावर पाणी मारून सरळ सभागृहात येऊन बसले होते. वक्त्यांनी पडद्यावर एक हसरे कुटुंब दाखवले. मग सांगितले की मुलांना किती वेळ देता याला महत्त्व नाही, कसा देता याला आहे. रोज फक्त वीस मिनिटे द्या, पण मनापासून द्या. त्यानंतर सर्वांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले. रात्रपाळीवाल्यांपैकी एकाने डोळे मिटले ते पुढचा अर्धा तास उघडलेच नाहीत. शेवटी मागच्या रांगेतून मालगाडीच्या एका गार्डने विचारले, "साहेब, 'रोज' म्हणजे कोणत्या दिवशी?" सभागृह हसले. वक्तेही हसले. उत्तर मात्र मिळाले नाही.

त्या गार्डचा प्रश्न आम्हाला विनोदी वाटत नाही. (गार्डला २०२२ च्या जानेवारीपासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचे असते. नाव बदलले, रात्र तीच, डबा तोच.) त्या प्रश्नाचे उत्तर प्रशासनाने द्यायला हवे, आणि काही अंशी आम्हीही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मुलांचे संगोपन, नवरा-बायकोचे संबंध, मनाचे आरोग्य हे विषय युनियनच्या कक्षेबाहेरचे आहेत असे मानणारे जुने सहकारी आमच्यात आहेत. महागाई भत्ता, बढती, पेन्शन ही खरी लढाई. बाकी सारे बायकांनी आणि डॉक्टरांनी बघायचे, असा त्यांचा सूर असतो. हा सूर आम्हाला मान्य नाही. पगार घरी नेतो तो कशासाठी? ज्या घरासाठी राबायचे त्या घरात आपले पोर आपल्याला बिचकत असेल, तर पगारवाढीची पावती कुणाला दाखवायची? तेव्हा मानसशास्त्राशी आमचे भांडण नाही. अर्धेच मानसशास्त्र सांगून उरलेले अर्धे खिशात ठेवणाऱ्यांशी आहे.

ते उरलेले अर्धे काय आहे? इंग्लंडातील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. महायुद्धात घरापासून तुटलेल्या, अनाथालयांत वाढणाऱ्या मुलांचा विचार त्यात होता. लहान मुलाला जिव्हाळ्याचा आणि सातत्याचा सहवास मिळाला नाही तर त्याच्या मनाची घडी बिघडते, हा त्याचा गाभा. बोल्बींनी सारा भार आईवर टाकला आणि त्याचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या बायकांना दोष देणारे पुष्कळ निघाले, ही त्यातली खोट आहेच. पुढच्या संशोधकांनी बाप, आजी, सांभाळणारी बाई यांनाही त्या हिशेबात आणले. पण 'सातत्य' हा शब्द टिकला. मुलाला खेळणी कमी मिळाली तर चालते. आई-बाप अधूनमधून चिडले तरी ते निभावते. आपले माणूस केव्हा येणार, केव्हा जाणार, आल्यावर साधारण कसे वागणार, याचा अंदाज मात्र त्याला बांधता आला पाहिजे. त्या अंदाजावरच मूल निर्धास्त होते. आता रेल्वेच्या रनिंग स्टाफने किंवा ओढगस्तीच्या डाकघरातल्या कर्मचाऱ्याने हा अंदाज पोराला कुठून आणून द्यावा? त्याला स्वतःलाच तो नसतो.

हिशेब मांडून पाहू. मालगाडीचा लोको पायलट पहाटे सहाला मुख्यालयात साइन-ऑफ करतो. आठ तास किंवा त्याहून अधिक ड्यूटी झाली असेल तर त्याला सोळा तासांची विश्रांती मिळते, म्हणजे रात्री दहापर्यंत. कागदावर सोळा तास बघून कुणालाही वाटेल, केवढी चैन! तो घरी पोहोचतो सातला. दारात त्याची आणि मुलीची गाठ पडते. ती दप्तर घेऊन निघालेली असते. आंघोळ, दोन घास, आणि झोप. क्वार्टर दोन खोल्यांचे. बायको कुकरची शिट्टी होऊ देत नाही, शेजारच्या रेडिओवाल्याला हात जोडते, शाळेतून आलेल्या मुलीला ओठांवर बोट ठेवून खुणावते, 'बाबा झोपलेत.' रेल्वे कॉलनीतली मुले बोलायला शिकतात त्याच सुमारास कुजबुजायलाही शिकतात. दोन-अडीचला तो उठतो. मुलगी जेवून क्लासला गेलेली असते. ती येते पाचला. सहा-सातला त्याला पुन्हा डोळा लावायचा असतो, कारण आठ वाजल्यापासून कॉल केव्हाही येईल आणि पुढची सगळी रात्र सिग्नल बघत काढायची आहे. म्हणजे बाप-लेकीच्या वाट्याला आला एक तास, आणि त्या तासात बापाचा एक कान फोनकडे. उद्या हेच वेळापत्रक असेल तर निदान सवय तरी होईल. पण उद्या तो दुपारी तीनला सुटेल, परवा बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये असेल, आणि तेरवा कुठे असेल ते त्याला, बायकोला, मुलीला कुणालाच ठाऊक नाही.

याला तोड नाही असे नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याने रनिंग स्टाफला महिन्यात तीस-तीस तासांच्या किमान चार विश्रांती, नाहीतर बावीस-बावीस तासांच्या किमान पाच, आणि प्रत्येकीत एक पूर्ण रात्र, एवढे तरी दिले आहे. लोको पायलटांचे म्हणणे असे की मुख्यालयातली सोळा तासांची विश्रांती या तीस तासांच्या पोटात घालून मोजू नका. ती वेगळी धरा, म्हणजे शेचाळीस तास होतात. २०२४ च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतले लोको पायलट याच मागणीवर अडून बसले. वर्तमानपत्रांनी तिला 'विश्रांतीची मागणी' म्हटले. आमच्या मते ती पितृत्वाची मागणी आहे. पहिले सोळा तास अंगातली झोप भरून काढण्यात जातात. माणूस माणसात येतो तो त्यानंतर.

बाकीच्यांचे काय? त्याच कायद्यात 'अखंड' कामावरल्यांना दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, 'कष्टाच्या' कामाला ४५, आणि ज्यांचे काम अधूनमधून असते असे मानले त्यांना थेट ७५ तासांपर्यंत राबवता येते. रानातल्या फाटकावर बारा तास बसणाऱ्या गेटमनचे काम 'अधूनमधून' असते हे ठरवणाऱ्याने त्या केबिनमध्ये एक आषाढ काढून पाहावा. गाडी अधूनमधून येते. गेटमन तिथे सबंध वेळ असतो. त्याचे मूल त्याच्यापासून अधूनमधून दूर नसते.

तासांचा हा झगडा आपल्याकडे जुना आहे आणि त्यात रेल्वे व टपाल यांची नाळ एकच आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४६ मध्ये टपाल-तार कामगारांचा आणि १९४७ मध्ये रेल्वे कामगारांच्या तासांचा निवाडा दिला. त्यानंतर मियाभाय लवाद आला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको कामगारांनी संप करून दहा तासांचे तत्त्व सरकारच्या गळी उतरवले. १९७४ च्या ८ मेपासून २७ मेपर्यंतचा संप आठ तासांसाठीही होता. त्या वीस दिवसांत कॉलन्यांमध्ये पोलीस शिरले, बायका-मुलांना क्वार्टरबाहेर काढले गेले. ज्यांनी ते लहानपणी पाहिले ते आज निवृत्त झालेत आणि अजून सांगतात. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही वाटणी रॉबर्ट ओवेनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली होती. पहिल्या आठांवर आम्ही पुष्कळ भांडलो, दुसऱ्या आठांवर थोडे. तिसरे आठ तास, म्हणजे जे घराचे, पोरांचे, गप्पांचे, त्यांचे नाव आमच्या एकाही मागणीपत्रात आम्हाला सापडले नाही. जुनी फाइल काढून पाहिली तेव्हा खात्री पटली.

टपाल खात्याकडे वळू. पोस्टमनची बीट संध्याकाळी संपते आणि घरी तो रोज येतो, तेव्हा त्याला ही फिर्याद लागू नाही, असे कुणी म्हणेल. येतो खरा, पण काय घेऊन येतो? २०१८ च्या सप्टेंबरात पोस्ट पेमेंट्स बँक आली, पोस्टमनच्या पिशवीत यंत्र आणि मोबाइल आला. खाती उघडा, विमा आणा, आकडा पुरा करा. आकडा भरला नाही की रात्री नऊला मोबाइलवर यादी येते, आपले नाव तळाला लाल रंगात. मूल शेजारी वही घेऊन बसलेले असते आणि बापाचे डोळे यादीवर. आकड्यासाठी मेहुण्याच्या आणि साडूच्या नावाने खाती उघडून पहिला हप्ता पदरचा भरलेले लोक आम्ही पाहिले आहेत. घरात पैशावरून भांडण पेटते ते तिथून, आणि शिबिरातले वक्ते त्याला 'पती-पत्नीतील संवादाचा अभाव' असे नाव देतात!

खिडकीवरच्या भगिनींची गोष्ट निराळी. आर्ली हॉक्शिल्ड नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या सेविकांवर एक पुस्तक लिहिले. हसतमुख राहणे, राग गिळणे, समोरच्याला बरे वाटेल असे स्वतःला वाटून घेणे हेही श्रमच आहेत आणि मालक ते विकत घेतो, असे त्यांनी दाखवले. आपल्या काउंटरवर सर्व्हर बंद पडतो, रांग दारापर्यंत जाते, पन्नास माणसांच्या शिव्या एक बाई दिवसभर हसून झेलते. संध्याकाळी घरी तिसरीतला मुलगा तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो आणि ती त्याच्यावर खेकसते. मग रात्री झोपलेल्या मुलाच्या केसांतून हात फिरवत रडते. ती वाईट आई नाही. तिचा संयम साडेपाचपर्यंत सरकारी कामात खर्च झालेला असतो, आणि त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरला नसते. ग्रामीण डाक सेवकांच्या बाबतीत तर कागद आणखी गोड बोलतो. त्यांचे काम २०१८ पासून चार किंवा पाच तासांचेच धरले आहे. गावात ऑनलाइन जोडणी मिळेपर्यंत टेकडीवर उभे राहण्यात जाणारे तास त्यात नाहीत.

आता जे महाराष्ट्राबाहेर आहेत त्यांच्याविषयी, कारण या पानांचे निम्मे वाचक तिकडेच आहेत. इटारसी, गुंतकल, बिलासपूर, खडगपूर येथे बदलीवर किंवा भरतीवर गेलेला मराठी माणूस लवकरच एका पेचात सापडतो. कुटुंब बरोबर न्यावे तर मुलांची शाळा आणि भाषा मोडते. मागे ठेवावे तर दोन चुली पेटतात. बहुतेक जण दोन चुली पत्करतात. मग बाप म्हणजे फोन. त्या फोनवर आपण काय बोलतो ते एकदा आठवा, बंधूंनो. "अभ्यास केलास का? किती मार्क पडले? आईला त्रास देऊ नकोस. दे आईला." चार वाक्ये, आणि त्यातली तीन जरबेची. मुलाने आज खिडकीतून मांजराची पिल्ले पाहिली, हे सांगायला त्या फोनवर जागाच नसते. सहा महिन्यांनी मूल फोनवर यायचे टाळते आणि आपण म्हणतो, आईने बिघडवला.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आम्ही थांबलो. इथे प्रशासनाच्या माथी मारण्यासारखे काही नाही.

एका कीमनच्या मुलीची हकीकत आमच्या ओळखीची आहे. बाप कामावरून आला की ती सायकलचा आवाज ऐके. सायकल हळूच भिंतीला टेकली तर खेळ चालू ठेवायचा. स्टँड आपटला तर धाकट्या भावाला ओढून पुस्तक उघडून बसायचे, डोळे वर करायचे नाहीत. सात वर्षांच्या मुलीने हा नियम स्वतः शोधून काढला होता. कुणी शिकवला नव्हता. रुळांवर आठ-दहा मैल चालून, सेक्शनच्या साहेबाची बोलणी खाऊन बाप येई. साहेबावर हात टाकता येत नाही. पोरावर टाकता येतो. आमच्यातल्या किती जणांच्या घरी असा स्टँडचा आवाज आहे? कुणाच्या घरी तो बाटलीचा असेल, कुणाकडे नुसत्या मौनाचा. व्यवस्था थकवते हे सोळा आणे खरे. पण एकाच लिंकमधले, एकाच वेतनश्रेणीतले दोन कामगार घरी जातात. एक पोराला बदडतो, दुसरा बदडत नाही. म्हणजे मधे कुठेतरी आपल्याही हातात काही असते. वरून खाल्लेला अपमान खाली वाटणारा माणूस गेटवर कितीही मोठ्याने 'जिंदाबाद' म्हणो, घरात तो साहेबाचेच काम करत असतो.

बायकोच्या बाबतीत तर आम्ही पुरुष कामगार कायदेशीर पळवाटेवर खूश आहोत. केंद्रीय कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवसांची. ती १९९७ मध्ये आली. बालसंगोपन रजा २००८ मध्ये आली, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची, पण ती महिलांना. पुरुषाला मिळते ती तो एकटा पालक असेल तरच, आणि तेही पुढे दहा वर्षांनी. अर्थ स्पष्ट आहे: बायको हयात आणि सोबत आहे तोवर मूल तिचे. त्यातही ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही असे नियमच सांगतो, त्यामुळे जागा रिक्त असलेल्या ठिकाणी बाईचा अर्ज महिनोन्महिने टेबलावर पडतो. या भेदाविरुद्ध आमच्या किती शाखांनी ठराव केला? आजारी मुलाजवळ बसायला बापालाही रजा द्या, अशी मागणी आम्ही एका बैठकीत मांडली तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "मग काय आता पाळणा हलवायचा?" आणि जे हसले त्यांत आमचे पदाधिकारीही होते.

प्रशासनाचा युक्तिवाद आम्हाला पाठ आहे. रात्री गाड्या चालणारच, टपाल सणालाही वाटावे लागते, कुणीतरी कामावर असलेच पाहिजे. अगदी बरोबर! रात्रीची गाडी थांबवा असे कोण म्हणतो? कोकण रेल्वेच्या घाटात पावसाळ्याच्या रात्री गस्त घालणारा माणूस नसेल तर हजार प्रवाशांच्या जिवाला धोका आहे, हे आम्ही जाणतो. मागणी एवढीच की रात्र कुणाची आणि केव्हा, हे आधी कळू द्या. चार माणसांचे काम तिघांवर टाकू नका. शाळेचे वर्ष मधे तोडून बदली करू नका. नवरा-बायको दोघे नोकरीत असतील तर एकाच गावी ठेवा. वीस मिनिटांचा मंत्र देण्याआधी ती वीस मिनिटे कामगाराच्या दिवसात उरू द्या.

या संदर्भात ताराबाई मोडकांची आठवण होते. बोर्डीला १९४५ मध्ये त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच्या कामाला लागल्या. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. त्यांच्या आई-बापांना पालकत्वाचे धडे देणे सोपे होते. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली, आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. माणसाला नावे ठेवण्याआधी त्यांनी वेळ आणि जागा बदलून पाहिली. आमच्या शिबिरांत नेमके उलटे चालते: वेळापत्रक देवाने दिल्यासारखे अढळ, आणि बदलायचे ते कामगाराच्या श्वासाला. त्याच शिबिरात भिंतीवर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक लावलेला होता. २०२२ पासून चालू असलेली ही दूरध्वनी सेवा चांगली आहे. ज्याचे मन खरोखर बुडत आहे त्याने लाज न बाळगता तो फिरवावा, आणि घरच्यांनीही. पण औषधाची बाटली दाखवून विहिरीत विष टाकणे चालू ठेवता येणार नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी अनेक वर्षे अर्ज-विनंत्या आणि सभा केल्या, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. या देशातल्या कामगार चळवळीच्या पहिल्या विजयांपैकी एक असा घरी बसण्याचा दिवस होता. आम्ही मात्र आमच्या कार्यकर्त्यांचा तो रविवारसुद्धा अधिवेशने आणि बैठकांना देऊन टाकला, आणि ज्याचे घर सर्वांत कमी वेळा त्याला पाहते तो सर्वांत निष्ठावान, अशी समजूत करून घेतली.

आमच्या शाखेत गेल्या महिन्यात हा विषय निघाला. पुढच्या वाटाघाटींसाठी जे मुद्दे द्यायचे त्यात तीन नवे घालायचे ठरले: ड्यूटीचा तक्ता किमान आठवडाभर आधी, सोळा अधिक तीसची विश्रांती, आणि मुलांच्या आजारपणासाठी पुरुषांनाही रजा. तिसऱ्यावर बराच वाद झाला, मतदान घ्यावे लागले, तो थोडक्यात निभावला. वाद संपेस्तोवर रात्रीचे सव्वानऊ झाले होते. उठताना पार्सल ऑफिसमधल्या एका भगिनीने विचारले की शाखेची बैठक नेहमी संध्याकाळी सातलाच का असते, त्या वेळी तिच्या घरी दोन मुले कुलपाआड असतात. कुणाजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे ती सातलाच होत आली आहे. पुढची बैठक दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, ठेवली आहे. मुलांना आणायला हरकत नाही.